उसनी घेतलेली चतुर्थी

स्वतःचा लहानसा कलाव्यवसाय असला की जाब विचारणारा कोणी नसतो, म्हणून चालढकल होते, हे नेहमी ऐकू येणारे मत मला अर्धेच पटते. कोल्हापुरातल्या राजारामपुरीत घरातल्या एका खोलीत हाताने रंगवलेल्या लग्नपत्रिका करताना माझ्या लक्षात आले की, मी टाळत होते ते रंगकाम नव्हेच. ग्राहकाला दर कळवणे, नमुन्यांचे फोटो काढणे आणि थकलेले पैसे मागणे, या तीन कामांच्या आधी मला हटकून टेबल आवरायचे सुचत असे. (पावसाळ्यात रंग वाळत नाही, ही सबब मात्र कोल्हापुरात निम्मी खरी असते.)

हातात जितका वेळ असेल तितके काम पसरत जाते, हे ब्रिटिश लेखक सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये सरकारी कचेऱ्यांच्या संदर्भात लिहिले होते. एकट्याच्या कामालाही ते तंतोतंत लागू पडते. उपाय मला कोल्हापुरातल्याच बापट कॅम्प या कुंभारवस्तीतल्या गणेशमूर्तिकारांकडे पाहून सुचला. चतुर्थी कोणासाठी पुढे सरकत नाही आणि ती उलटल्यावर मूर्तीला गिऱ्हाईक उरत नाही. त्यामुळे डोळ्यांची आखणी मनासारखी जमली नाही, एवढ्या कारणावर काम अडून राहू शकत नाही. माझ्या कामाला अशी चतुर्थी नव्हती, म्हणून मी ती उसनी घेतली: निम्मी रक्कम आगाऊ घेते, पावतीवर काम देण्याची तारीख लिहिते आणि कच्चा नमुना, मला अपुरा वाटला तरी, चार दिवसांत पाठवते. दर कळवण्याचे काम मात्र अजूनही सकाळच्या चहाआधीच उरकावे लागते.