पिकार्डचं 'मेक इट सो' खरंच आरमारातून आलंय का?

डोलकाठी: स्टार ट्रेकची नेक्स्ट जनरेशन मालिका (१९८७ ते १९९४) बघितलेल्यांना अंतराळयानाचा कप्तान पिकार्ड याचं 'मेक इट सो' (म्हणजे 'तसंच करा') तोंडपाठ असेल. एक मित्र म्हणाला नुसता स्टाईलचा डायलॉग आहे तो, मला अजिबात पटलं नाही. हे ब्रिटिश रॉयल नेव्हीतलं आहे, शिडाच्या जहाजांच्या काळातलं. दुपारी सेलिंग मास्टर (जहाजाची दिशा-स्थान बघणारा) आणि मिडशिपमन (शिकाऊ अधिकारी) डेकवर सेक्स्टंट (सूर्याची उंची मोजायचं यंत्र) लावून सूर्य बघत उभे राहायचे, सूर्य वर चढायचा थांबला की मध्यान्ह. मग पहाऱ्यावरचा ऑफिसर कॅप्टनला सांगणार 'बारा वाजले सर', कॅप्टन म्हणणार 'मेक इट सो', आणि तेव्हा कुठे घंटेचे आठ टोल पडणार, वाळूचं घड्याळ उलटणार. म्हणजे कॅप्टन बोलेपर्यंत जहाजावर बारा वाजलेलेच नाहीत! १८०५ पर्यंत तर त्यांच्या लॉगबुकात तारीखही दुपारीच बदलायची. पिकार्डचा अख्खा स्वभाव यात आहे असं मला वाटतं, हाताखालचे अधिकारी रायकर नाहीतर डेटा काहीतरी सुचवतात, हा नीट ऐकून घेतो आणि मंजुरी देतो, डोकं त्यांचं पण जबाबदारी याची.

शंकासुर_७: विधी खरा आहे, मान्य. पण म्हणून पिकार्डचं वाक्य तिथूनच आलं हे कसं? मालिका अमेरिकन, तिचा निर्माता जीन रॉडनबेरी दुसऱ्या महायुद्धात आर्मी एअर फोर्समध्ये बॉम्बर उडवायचा, नेव्हीत नव्हता. पिकार्ड करणारा पॅट्रिक स्टुअर्ट शेक्सपिअर करून आलेला नट, त्याने ज्या ठसक्यात म्हटलं त्यामुळे ते लोकांच्या तोंडी बसलं. उगाच प्रत्येक गोष्टीला इतिहास चिकटवू नका.

डोलकाठी: रॉडनबेरी वैमानिक होता हे बरोबर, पण त्याच्या डोक्यातला कॅप्टन होता होरेशिओ हॉर्नब्लोअर, सी. एस. फॉरेस्टरच्या कादंबऱ्यांमधला नेपोलियनच्या काळचा ब्रिटिश नौदल अधिकारी. आधीच्या स्टार ट्रेक मालिकेतला कॅप्टन कर्कसुद्धा त्याने त्याच्यावरच बेतला होता, आणि पिकार्डच्या तयारीसाठी त्याने आपल्याला हॉर्नब्लोअर वाचायला दिलं हे स्टुअर्टनेच सांगितलंय. रायकरला 'नंबर वन' म्हणतो तेही रॉयल नेव्हीतलंच, कॅप्टनच्या खालच्या फर्स्ट लेफ्टनंटला तिथे तशीच हाक मारतात. एवढं सगळं योगायोगाने येतं का?

बंदरकर: मर्चंट नेव्हीत होतो म्हणून सांगतो, ब्रिजवर असं कोणी बोलत नाही. पायलट (बंदरात जहाजाला वाट दाखवणारा) म्हणतो 'स्टारबोर्ड टेन' (उजवीकडे दहा अंश), सुकाणी तेच शब्द परत म्हणतो, मग चाक फिरवतो, सुकाणू दहावर आलं की पुन्हा कळवतो. हुकूम नेमका पाहिजे, अरुंद खाडीत तर पाहिजेच पाहिजे. 'मेक इट सो' ऐकून सुकाण्याला काय कळणार? माझ्या मते हे नाटकातलंच वाक्य.

डोलकाठी: बंदरकर, तुम्ही सांगताय ती चाकाची ऑर्डर, मी बोलतोय मंजुरीबद्दल. दुपारच्या त्या विधीतही मोजमाप मास्टरने आधीच केलेलं असायचं, कॅप्टनने फक्त शिक्का मारायचा. आणि पिकार्डसुद्धा जेव्हा स्वतः दिशा देतो तेव्हा कोर्स सांगतो, वॉर्प (यानाचा वेग) किती ते सांगतो, मग 'एंगेज' (म्हणजे 'चला') म्हणतो. दोन वेगळी कामं, दोन वेगळे हुकूम.

शंकासुर_७: 'नंबर वन'चं पटलं. पण पुस्तकं वाचायला दिली म्हणजे हे वाक्य त्यातूनच उचललं असं होत नाही, पटकथा तर बऱ्याच लेखकांनी लिहिल्यात. त्यातल्या एकाने जरी सांगितलं असेल की हो, बाराच्या टोलावरूनच घेतलं, तर दाखव. तोपर्यंत मी हेच म्हणणार, वातावरण आरमारी आहे पण वाक्य स्टुअर्टचं.