"कशाला मरायला जातात तिकडे?" असं विचारणाऱ्यांना

कॅमेऱ्यामागचा
परवा इथे एकाने लिहिलं, "दुसऱ्या देशात दंगल पेटली की आपल्या चॅनेलवाल्यांना चेव येतो. हेल्मेट घालून उभे राहतात आणि मार खाल्ला की गळे काढतात. एजन्सीची बातमी घरबसल्या मिळते ना? कशाला मरायला जातात तिकडे?" खाली लाइकचा पाऊस. गप्प बसायचं ठरवलं होतं, पण जमत नाही.

एजन्सीची, म्हणजे वृत्तसंस्थेची, बातमी आकाशातून पडते काय हो? दानिश सिद्दीकी रॉयटर्सचा, म्हणजे एजन्सीचाच माणूस. मुंबईतही काम केलेला. १६ जुलै २०२१ ला अफगाणिस्तानात कंदाहार प्रांतातल्या स्पिन बोल्दाकला मारला गेला. आधी रॉकेटची कपची लागली, मशिदीत मलमपट्टी झाली, आणि ज्या अफगाण कमांडोंबरोबर गेला होता ते माघारी फिरताना तो मागेच राहिला. तुमच्या 'घरबसल्या'च्या मागे हा माणूस उभा असतो. म्हणजे तुमचं म्हणणं एवढंच, की दुसऱ्याचं पोरगं जाऊ दे.

सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळात सरकारविरोधी आंदोलन पेटलं तेव्हा मी काठमांडूत होतो. असाइनमेंटवरून, म्हणजे कुणी कुठे जायचं ते ठरवणाऱ्या टेबलावरून, रात्री फोन आला, सकाळी निघा. नेपाळला व्हिसा लागत नाही, त्यामुळे ऑफिसात कुणाला तो परदेश वाटतच नाही. कॅमेरा, बॅकपॅक, बॅटऱ्या, बूम (चॅनेलचा माइक), झालं. रिपोर्टरने स्वतःच्या बाइकचं हेल्मेट घेतलं, माझ्याकडे तेही नव्हतं. ९ तारखेला जमावाने कांतिपूरची इमारत पेटवली. त्यांच्याच देशातला सगळ्यात मोठा माध्यमसमूह, तिथे आमची काय कथा! भारतीय चॅनेलांवर राग होताच, २०१५ च्या भूकंपाच्या बातम्या त्यांनी जशा दाखवल्या तेव्हापासूनचा. आमच्याबरोबर जो स्थानिक मुलगा होता (गाडी, गल्ल्या, भाषा, सगळं त्याच्याच जिवावर) त्याने गाडीतून उतरण्याआधी बूमवरचा चॅनेलचा चौकोन उपटला आणि स्वतःच्या जॅकेटमध्ये कोंबला. म्हणाला, "दाई, हे दिसलं तर तुम्हाला मारतील आणि मग मलाही." पुढचं सगळं शूट मोबाइलवर केलं.

चेव आला म्हणून गेलो नव्हतो. ड्यूटी होती.

जुना_उपसंपादक
ती पोस्ट माझी नाही, पण तिला लाइक माझाही आहे, आणि तो मी मागे घेणार नाही.

आयुष्य रात्रपाळीत गेलं माझं. पीटीआय या वृत्तसंस्थेची तार फाडून कॉपी करण्यापासूनचा मी. तुमच्या धाडसाबद्दल माझी तक्रार नाहीच. माझा प्रश्न साधा आहे: तुम्ही तिथे जाऊन अशी कुठली बातमी आणलीत जी एजन्सीकडे नव्हती? मागे धूर, पुढे रिपोर्टर, आणि "इथली परिस्थिती तणावपूर्ण आहे." ते मला गोरेगावच्या स्टुडिओतूनही सांगता आलं असतं. त्या दिवसांत कुठे किती गेले, कुठल्या रुग्णालयात किती दाखल, हे मला नेपाळी वर्तमानपत्रांत वाचायला मिळालं, मराठी चॅनेलवर नाही.

लंडनच्या संडे टाइम्सची मेरी कोल्विन सीरियात होम्सला गेली तेव्हा बाबा अम्र भागात जवळपास कुणी बाहेरचा पत्रकार नव्हता. फक्त दहशतवाद्यांवर हल्ले करतोय असं सरकार म्हणत होतं, आणि तिने डोळ्यांसमोर मेलेलं मूल जगाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी, २२ फेब्रुवारी २०१२ ला, तोफगोळ्यांत ती आणि फोटोग्राफर रेमी ओश्लिक गेले. २०१९ मध्ये अमेरिकन कोर्टाने सीरियन सरकारला जबाबदार धरलं. तिथे जाण्याला कारण होतं. तुमच्या काठमांडूला काय कारण होतं, टीआरपीशिवाय?

आणि 'लाइव्ह'चं कौतुक मला तरी सांगू नका. २६/११ च्या थेट प्रक्षेपणाने सुरक्षा दलांचाच जीव धोक्यात आला, असे ताशेरे सुप्रीम कोर्टाने २९ ऑगस्ट २०१२ च्या कसाबच्या निकालात ओढले, ते काढून वाचा.

कॅमेऱ्यामागचा
वाचलेत. ताजच्या बाहेर कॅमेरा माझ्याही खांद्यावर होता आणि काय दाखवायचं ते डेस्क ठरवत होतं. तिथे काय, काठमांडूत काय, 'जा' म्हणणारा एसीत बसतो आणि शिव्या बूमवाल्याला पडतात.

बातमी काय आणली म्हणता? विमानतळ बंद झाल्यावर हॉटेलांत अडकलेली आपली माणसं आम्ही शोधून काढली. त्यांच्या घरच्यांनी आमच्या स्क्रीनवर त्यांना पाहिलं. तुमच्या तारेत ती नव्हती.

कोकणपट्टा
परदेशाचं कौतुक पुरे झालं. १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडी खचली. पायवाटेशिवाय रस्ता नाही, वर पाऊस कोसळतोय, आणि तो डोंगर आमच्या खालापूरच्या स्ट्रिंगरांनी, म्हणजे नोकरीत नसलेल्या तालुक्याच्या बातमीदारांनी, चढला. त्यांना बातमीमागे पैसे मिळतात आणि तेही सहा-सहा महिने रखडतात. साधा रेनकोट दिलाय का कुणी? राजापूरला फेब्रुवारी २०२३ मध्ये शशिकांत वारिशेंना गाडीखाली घातलं, रिफायनरीची बातमी छापून आली त्याच दिवशी. जे डे यांना २०११ मध्ये पवईत भरदिवसा गोळ्या घातल्या. धोका हवाय तर तो इथे पायलीला पन्नास मिळतो. काठमांडूच्या विमानाच्या तिकिटात तालुक्याचा स्ट्रिंगर वर्षभर पोसला जाईल.

शेवटचं_वर्ष_पत्रकारिता
तालुक्याचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण म्हणून बाहेर जाऊच नये? मला जायचंय. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींना जायचंय. प्रेसचं जॅकेट घातलं की आंतरराष्ट्रीय कायद्याने संरक्षण असतं, असं आम्हाला शिकवलंय. काकांच्या पिढीने सगळं एजन्सीवर सोडलं, म्हणून मराठीत आज परदेशी बातमीदारीच नाही.

जुना_उपसंपादक
बाळ, पिढी काढलीस म्हणून सांगतो. तू म्हणतेस ते जिनिव्हा कराराच्या १९७७ च्या पहिल्या पूरक करारातलं (प्रोटोकॉलमधलं) कलम ७९. पत्रकाराला नागरिक मानायचं, असं ते सांगतं. पण ते दोन देशांमधल्या युद्धाला लागू. रस्त्यावरची दंगल, जाळपोळ, आंदोलन त्यात बसतच नाही. तिथे त्या देशाचा कायदा, आणि तो चालवणारं सरकारच त्या दिवशी पळालेलं असतं. शिवाय भारताने त्या पूरक करारांवर सहीसुद्धा केलेली नाही.

आणि जॅकेटचं म्हणशील, तर अल जझीराच्या शिरीन अबू अक्लेहच्या अंगावर ११ मे २०२२ ला पॅलेस्टाइनमधल्या जेनिनमध्ये प्रेस लिहिलेलं जॅकेट होतं, डोक्यावर हेल्मेट होतं. गोळी हेल्मेटच्या खाली लागली. सीपीजे या पत्रकारांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या नोंदीत २०२४ या एका वर्षात १२४ पत्रकार मारले गेले, त्यांची यादी ठेवायला लागल्यापासून तोवरचे सगळ्यात जास्त, आणि बहुतेक गाझातले. जॅकेट दिसतं म्हणून सोडतात, हा काळ गेला. दिसतं म्हणून मारतात.

कळव्याची_वहिनी
मी इथे फक्त वाचते, पण आज राहवत नाही.

आमचे हे एका चॅनेलचे कॅमेरामन. जुलै २०२४ ला विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं तेव्हा ढाक्यात होते. १८ तारखेला तिथलं इंटरनेट बंद झालं आणि यांचा फोन लागेना. टीव्हीवर ढाक्यातल्या जत्राबारी भागातली जाळपोळ, आणि त्यातच तिथल्या एका पत्रकाराला गोळी लागल्याची बातमी. सासूबाई देवासमोरून उठेनात. मी ऑफिसला फोन केला तर असाइनमेंटवरचा मुलगा म्हणाला, "वहिनी, काळजी करू नका, फीड येतंय म्हणजे ठीक आहेत." अरे, इंटरनेट बंद असताना फीड कुठलं येतंय? त्याला माहीतच नव्हतं! ते कुठल्या हॉटेलात उतरलेत, हे मीच त्याला सांगितलं.

ते सुखरूप आले. मग मी कपाटातली कागदपत्रं काढून बसले. यांची नोकरी म्हणजे रिटेनर, अकरा महिन्यांचं कंत्राट. प्रॉव्हिडंट फंड नाही. ऑफिसच्या अपघात विम्यात यांचं नाव नाही, कारण हे 'कर्मचारी' नाहीत. आम्ही स्वतः काढलेल्या पॉलिसीत बारीक अक्षरात युद्ध, परकीय आक्रमण, यादवी, बंड, लष्करी उठाव, सगळं वगळलेलं. म्हणजे त्या चार रात्रींत काही झालं असतं तर मला एक रुपया मिळाला नसता. उपसंपादक काका, जावं की नाही हे तुम्ही खुशाल ठरवा. मला एवढंच सांगा, पाठवणाऱ्याने कागदावर काय लिहून दिलं?

विमावाला_ठाणे
वहिनी, वाईट वाटलं. पण यात विमा कंपनीने फसवलं असं नाही. युद्ध आणि यादवी साध्या पॉलिसीत जगभर वगळतात, कारण एका घटनेत शेकडो दावे येतात. त्यासाठी वेगळं कव्हर असतं. देश आणि दिवस पाहून हप्ता ठरतो, आणि पेटलेल्या ठिकाणासाठी तो चांगलाच चढा असतो. तो चॅनेलने भरायचा असतो. फ्रीलान्सरांसाठी रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्सचीही विमा योजना आहे, ते जॅकेट-हेल्मेट उसनंही देतात. मात्र निघण्याआधी कळवायला हवं. विमानात बसल्यावर आठवण झाली तर पॉलिसी मिळणं अवघड.

कॅमेऱ्यामागचा
रात्री अकराला फोन, पहाटे विमान. कधी कळवायचं? तुमची विमा कंपनी त्या वेळेला उचलते फोन?

विमावाला_ठाणे
माझ्यावर कशाला ओरडता? ज्या चॅनेलला निवडणुकीचं हेलिकॉप्टर महिनाभर आधी ठरवता येतं, त्याला वर्षाची एक खुली पॉलिसी काढून ठेवता येते. हे तुमच्या एचआरला विचारा.

कोकणपट्टा
बघा, शेवटी परदेशवाल्यांचाच विमा. आमच्या स्ट्रिंगरला तर ओळखपत्रसुद्धा नाही. २०१७ मध्ये पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने कायदा केला, पण मार खाल्लेला आमचा माणूस पोलिसांत गेला की पहिला प्रश्न, "तुम्ही पत्रकार कशावरून?"

कॅमेऱ्यामागचा
भाऊ, तुझं खरं आहे, पण तू दर वेळी वहिनींसारख्यांच्या तोंडचं वाक्य काढून घेतोस. थांब जरा, मला माझं संपवू दे.

काठमांडूतल्या त्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगतो. आम्ही निघाल्यावर त्याच्या घराजवळ त्याची बाइक जाळली. भारतीय चॅनेलला फिरवतो म्हणून. त्याचे ठरलेले पैसे द्यायचे होते. आमच्या प्रॉडक्शनवाल्याने मला विचारलं, "पक्कं बिल आहे का? जीएसटी नंबर?" नेपाळच्या पोराकडे जीएसटी नंबर! व्हाउचर तीनदा परत आलं. शेवटी रिपोर्टरने आणि मी आपल्या खिशातून पाठवले. बाइकचं तर कुणी नावच काढलं नाही.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. २००७ मध्ये अफगाणिस्तानात हेलमंदला तालिबानने इटलीचा पत्रकार, त्याचा ड्रायव्हर आणि दुभाषा अजमल नक्शबंदी यांना धरलं. इटालियन माणूस कैद्यांच्या बदल्यात सुटला. ड्रायव्हरचं आणि अजमलचं मुंडकं उडवलं. २००९ मध्ये तिथेच कुंदुझला तालिबानच्या ताब्यातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकाराला कमांडोंनी सोडवून नेलं आणि त्याच्याबरोबरचा अफगाण सहकारी सुलतान मुनादी त्याच धुमश्चक्रीत मेला. मार्च २०२२ ला युक्रेनमध्ये कीवजवळ फॉक्स या अमेरिकन चॅनेलच्या कॅमेरामनबरोबर ओलेक्सांद्रा कुवशिनोवा गेली, चोवीस वर्षांची, स्थानिक. आम्हाला परतीचं तिकीट असतं. यांना तिथेच राहायचं असतं.

शेवटचं_वर्ष_पत्रकारिता
हे आम्हाला कुणी शिकवत नाही. मग जाण्याआधी नक्की काय मागायचं? मी खरंच विचारतेय.

कॅमेऱ्यामागचा
पॉलिसीची प्रत, देशाचं नाव घातलेली. हातात हवी, मेलमध्ये 'प्रोसेसमध्ये आहे' असं चालणार नाही. बुलेटप्रूफ जॅकेट घेशील तर त्यात कडक संरक्षक प्लेट आहे का बघ. प्लेटशिवायचं, नुसत्या बुलेटप्रूफ कापडाचं जॅकेट पिस्तुलाची गोळी अडवतं, रायफलची नाही. घरच्यांचा नंबर डेस्कवर आणि डेस्कवरच्या एका माणसाचा नंबर घरी, दिवसातून दोन ठरलेल्या वेळा. आणि रक्त थांबवायचा पट्टा, वापरायला शिकून. टिम हेदरिंग्टन हा फोटोपत्रकार २०११ मध्ये लिबियात मिस्रातला मांडीच्या जखमेतून रक्त जाऊन मेला. त्याच्या मित्राने, सेबास्टियन युंगरने, नंतर फ्रीलान्सरांना प्रथमोपचार शिकवणारी संस्थाच काढली. आपल्याकडे आझाद मैदानावर ११ ऑगस्ट २०१२ ला ओबी व्हॅन (थेट प्रक्षेपणाच्या गाड्या) जाळल्या तेव्हा माझ्या सहकाऱ्याचं डोकं फुटलं होतं आणि रक्त दाबून धरायला आमच्याकडे लेन्स पुसायचं फडकं होतं.

जुना_उपसंपादक
एवढं सगळं देणारं एकही मराठी चॅनेल माझ्या माहितीत नाही. म्हणजे तुमच्याच यादीप्रमाणे काठमांडूला कुणी जायला नको होतं. हेच मी पहिल्यापासून म्हणतोय.

कळव्याची_वहिनी
नाही काका. तुम्ही "कशाला मरायला जातात" याला लाइक दिलात. ज्याने पाठवलं त्याला तुमच्यापैकी कुणी एक अक्षर विचारलं नाही.

जुना_उपसंपादक
ठीक आहे. ते वाक्य वाईट आहे, ते मी लिहिलं नसतं. आणि पुढे संपादक झालो त्या वर्षांत मीही स्ट्रिंगरांच्या कंत्राटांवर न वाचता सह्या केल्यात, हेही माहीत आहे मला. पण नुसत्या धुरापुढे उभं करायला माणूस पाठवू नये, यावर मी ठाम आहे. विमा काढून पाठवला तरी.

कॅमेऱ्यामागचा
यावर भांडण नाही. पण धूर आहे की बातमी, हे तिथे गेल्याशिवाय तुमच्या डेस्कला कधी कळलंय ते सांगा.

कोकणपट्टा
आणि स्ट्रिंगरचं?

कॅमेऱ्यामागचा
त्याचं नावही त्याच पॉलिसीत, इर्शाळवाडीला जावो नाहीतर काठमांडूला. तू वेगळा धागा काढ, मी येतो. वहिनींनाही घेऊन ये, त्यांच्याकडे कंत्राटाची प्रत आहे.