सोयाबीन-तुरीचे ६ लाख: सगळे बिटकॉइनमध्ये, की वाटून?

मांजराकाठ (लातूर):
आडत-हमाली वजा जाता सोयाबीन अन् तुरीचे ६ लाख हातात आहेत. त्यातून पीककर्जाचे १ लाख ८० हजार भरायचेत. धाकटा भाऊ म्हणतो, बिटकॉइन २ कोटी १० लाखांच्या वर निघणारच नाहीत, भाव चढतच जाणार, सगळे त्यातच टाकू. माझा कल थोडं सोनं, थोडं पोस्ट असा आहे. जूनमध्ये पेरणीला दीड लाख तरी लागतात. जाणकारांनी आकड्यात सांगावं.

मोंढा_हिशोब:
दादा, आधी पीककर्ज. ३ लाखांपर्यंतचं मुदतीत फेडलं की पंजाबराव देशमुख योजनेतून व्याज शून्यावर येतं. थकलं तर ती सवलत गेली अन् पुढच्या हंगामाचं कर्जही अडलं. पेरणीचे दीड लाख मेअखेर संपणाऱ्या एफडीत ठेवा. प्रश्न उरला २ लाख ७० हजारांचा.

धाकट्या भावाचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. मर्यादा खरी आहे, आणि एप्रिल २०२४ पासून दर ब्लॉकला (व्यवहारांच्या एका गठ्ठ्याला) फक्त ३.१२५ नवी नाणी निघतात. पण ही झाली आवक. मोंढ्यात आवक कमी असली तरी घेणारा हटला की भाव बसतोच. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन ६९,००० डॉलरच्या आसपास होतं, वर्षभरात १६,००० च्या खाली आलं. डॉलरच्या हिशोबाने २ लाख ७० हजारांचे ६२ हजार. परत त्या भावाला यायला मार्च २०२४ उजाडला. मधे दोन खरीप गेले. पेरणीच्या तोंडावर पैसा लागला असता तर पडत्या भावात विकावं लागलं असतं. माझ्या मते २७ हजारांच्या वर जाऊ नये, तेही एकदम नाही, दहा महिन्यांत थोडं थोडं.

परभणी_करखाते:
कराचं कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. बिटकॉइनसारख्या नाण्यांच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के, वर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२. तोटा कशातूनही वजा होत नाही, दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातूनसुद्धा नाही. एका नाण्यात ५०,००० कमावले, दुसऱ्यात ४०,००० घालवले, तर हाती नफा १०,००० आणि कर १५,६००! विकताना १ टक्का टीडीएस कापला जातो, तो विवरणपत्रात वळता करून घ्या. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी हा व्यवहार वेगळा दाखवावा लागतो.

यामुळेच वारंवार खरेदी-विक्री करून प्रमाण सांभाळणं महाग पडतं. बिटकॉइन फुगलं तर ते न विकता पुढच्या हंगामाचा पैसा दुसरीकडे घाला.

सोनं घ्यायचं तर दागिना नको, घडणावळ परत मिळत नाही. डिमॅट असेल तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात मिळणारं, सोन्याच्या भावाने चालणारं युनिट. पोस्टाच्या मुदत ठेवीत ६ महिन्यांच्या आत हात घालता येत नाही, हे धरून चाला.

नांदेड_नेटवर्क:
बिटकॉइन घेतलंच तर तीन गोष्टी सांभाळा. अनोळखी माणसाकडून यूपीआयने पैसे घेऊन नाणी विकू नका. तो पैसा फसवणुकीचा निघाला तर सायबर तक्रारीवरून तुमचं खातं गोठतं. पीकविमा आणि अनुदान येतं ते खातं तर या व्यवहारात आणूच नका.

एक्सचेंज (जिथे नाणी घेता-विकता येतात ते ॲप) एफआययूकडे, म्हणजे केंद्राच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे नोंदलेलं आहे ना, ते बघा. ते बुडालं किंवा हॅक झालं तर भरपाईला बँकेसारखा ठेव विमा नाही. स्वतःच्या वॉलेटमध्ये (नाण्यांची चावी तुमच्याच हाती ठेवणारं ॲप किंवा उपकरण) हलवायचं तर ते परत उघडायला मिळणारे १२ किंवा २४ शब्द कागदावर क्रमाने लिहा, फोटो काढू नका, व्हॉट्सॲपवर टाकू नका. आधी अगदी थोडी रक्कम पाठवा, वॉलेट पुसून त्याच शब्दांनी परत उघडा, रक्कम दिसली तरच बाकीची पाठवा. पत्त्याची पहिली आणि शेवटची अक्षरं पडताळा, चुकीच्या पत्त्यावर गेलेलं परत येत नाही. शब्द कुठे ठेवलेत हे घरात एकाला तरी माहीत असू द्या, नाहीतर तुमच्या माघारी ते कोणालाच मिळणार नाही.

मांजराकाठ (लातूर):
कर्ज आणि पेरणीचं पटलं. उरलेल्यातले १ लाख गावच्या पतसंस्थेत ठेवले तर? व्याज बँकेपेक्षा बरंच जास्त देतात.

मोंढा_हिशोब:
नको दादा. ५ लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकेतल्या ठेवीला आहे, पतसंस्थेला नाही, मल्टिस्टेट असली तरी नाही. सहकारी बँक असेल तर रिझर्व्ह बँकेचा परवाना विचारा आणि ठेव विमा महामंडळाच्या यादीत नाव आहे का ते पावती फाडण्याआधी बघा.