डायलिसिस चालू असताना परत कामावर जावं का? घर चालत नाहीये

भोसरीचा_ऑपरेटर

नमस्कार मंडळी. मी भोसरी एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये सीएनसी ऑपरेटर आहे, म्हणजे नाव अजून हजेरीवर आहे. गेल्या वर्षी बीपीमुळे दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं आणि तेव्हापासून डायलिसिस चालू आहे, मंगळवार गुरुवार शनिवार, सकाळी सातची शिफ्ट, चार तास मशीनवर. ईएसआयमधून (कामगार विमा) होतं त्यामुळे डायलिसिसचा खर्च पडत नाही पण त्याने घर चालत नाही ना.

पगार १९,५०० होता. सुरुवातीला ईएसआयचे आजारपणाचे पैसे मिळाले, पगाराच्या ७० टक्के, ते ९१ दिवसांचेच असतात, संपले. त्यानंतर बिनपगारी घरी आहे. वन आरकेचा हप्ता ८,२०० जातो, मुलगी यंदा दहावीला आहे, क्लासची अर्धी फी बाकी आहे आणि सर दर आठवड्याला तिलाच विचारतात, ते ती आम्हाला सांगत नाही, मैत्रिणीच्या आईकडून कळलं. बायकोचं गंठण पतसंस्थेत ठेवलंय. तिने आता पोळीभाजीच्या ऑर्डरी घेतल्यात, पहाटे चारला उठून कणीक मळते, आठच्या आत डबे द्यायचे असतात. मी डायलिसिस नसलेल्या दिवशी भाजी चिरून देतो तेवढंच. मागच्या महिन्याचा हप्ता सासऱ्यांनी भरला, बोलले एक शब्द नाही, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आता कंपनी म्हणते एकतर पूर्ण वेळ तिन्ही शिफ्टला ये नाहीतर राजीनामा लिहून दे, हिशोब करून टाकतो. मशीनवर काम म्हणजे जॉब (घडवायचा धातूचा तुकडा) उचलून मशीनच्या पकडीत लावायचा, काही जॉब १५-१८ किलोचे असतात, आणि माझा फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचायला ऑपरेशन करून जोडलेली शीर) डाव्या हातात आहे. दुसरं म्हणजे मित्राच्या ओळखीने चाकणला एका गोडाऊनवर स्टोअरकीपरचं काम मिळतंय, २४,००० देतो म्हणतात, बसून काम, कम्प्युटरवर एन्ट्री, पण सोमवार ते शनिवार ९ ते ६. एक तारखेला जॉइन व्हा म्हणतात. डायलिसिसचं त्यांना अजून सांगितलेलं नाही.

डॉक्टर म्हणतात हलकं काम करायला हरकत नाही. बायको म्हणते तुम्ही जाऊ नका मी बघते. पण तिच्या हाताला तव्याचे चटके बसलेले दिसतात आणि मी पंख्याखाली पडून असतो, हे मला सहन होत नाही. डायलिसिसवर असताना कुणी नोकरी केलीय का, कशी केली, आणि चाकणचं घ्यावं का? प्लीज खरंखरं सांगा.

नाशिकचा_राजू

दादा, मी करतोय. कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे, बरीच वर्षं झाली डायलिसिसला. म्हणजे होतं, पण नोकरी आधी ठरवून डायलिसिस त्यात कुठेतरी बसवायचं असं करू नका, उलटं करा. आधी तुमच्या सेंटरला विचारा संध्याकाळच्या शिफ्टला बेड रिकामा आहे का. बऱ्याच सेंटरला तीन शिफ्ट असतात आणि संध्याकाळच्या शिफ्टला सगळे नोकरीवालेच असतात, त्यामुळे तिथे वेटिंग असतं. मी पाच ते नऊ बसतो, घरी येऊन दोन घास खाऊन झोपतो, अंगातला तो गळाठा झोपेत निघून जातो आणि सकाळी ऑफिसला जाता येतं. सकाळी डायलिसिस करून दुपारी कामावर जाणं मी करून बघितलं, नाही जमत, बीपी खाली येतं, जिना चढताना डोळ्यापुढे अंधारी येते.

तुमचं तर सहा वाजता सुटणार, चाकणहून भोसरीला यायला तो पुणे-नाशिक रोडचा ट्रॅफिक, तुम्ही पाचच्या शिफ्टला पोचणार कसे? तीन दिवस लवकर सोडणार असतील तरच त्या नोकरीचा विचार करा. आणि हे त्यांना आधीच सांगा. लपवून जॉइन झालात तर पहिल्याच आठवड्यात कळणार, फुगलेली फिस्टुलाची शीर शर्टाच्या बाहीत किती दिवस झाकणार.

दुसरं, एचबी (हिमोग्लोबिन) किती आहे तुमचं? माझं आठच्या खाली होतं तेव्हा मला वाटायचं आपल्याच्याने आता काही होणार नाही, आयुष्य संपलं. इंजेक्शन आणि आयर्न नीट चालू झाल्यावर दहाच्या वर गेलं आणि माणूस बदलला. त्यामुळे कामाचा निर्णय घ्यायच्या आधी ते बघा, थकवा सगळा डायलिसिसचाच असतो असं नाही.

आणि एक हात जोडून सांगतो, ऑडिट आहे, साहेब आलेत, माल आलाय, काहीही असो, एकही डायलिसिस चुकवायचं नाही. त्यातून शनिवार ते मंगळवार हा तुमचा मोठा गॅप आहे, त्यात तर पाणी आणि खाणं दोन्ही सांभाळायचं. आमच्या सेंटरचा एक तरुण मुलगा नवीन नोकरीत रजा मागायला लाजला, दोनदा चुकवलं, पोटॅशियम वाढून हार्ट बंद पडलं. फार चांगला मुलगा होता.

पगारपत्रक

मी छोट्या कंपन्यांचं पीएफ ईएसआयचं काम बघते, वीसेक वर्षं हेच करतेय. दादा, राजीनाम्यावर सही करू नका. आज उद्या परवा, कुणीही कितीही गोड बोललं तरी नाही. आधी हे पूर्ण वाचा.

९१ दिवस संपले म्हणजे ईएसआयचे पैसे संपले असं नसतं. एक्स्टेंडेड सिकनेस बेनिफिट म्हणून वेगळी गोष्ट आहे, ठरावीक ३४ दीर्घ आजारांसाठी, आणि त्या यादीत क्रॉनिक रीनल फेल्युअर म्हणजे तुमचाच आजार आहे. त्यात पगाराच्या ८० टक्के मिळतात आणि मुदत वाढवत वाढवत दोन वर्षांपर्यंत नेता येते. अट अशी की आजाराच्या आधी सलग दोन वर्षं ईएसआय लागू असलेली नोकरी पाहिजे आणि आधीच्या चार काँट्रिब्युशन पिरियडमध्ये (एक पिरियड सहा महिन्यांचा) मिळून किमान १५६ दिवसांचं काँट्रिब्युशन भरलेलं पाहिजे. तुम्ही कायम कामगार असाल तर हे सहज बसतं. १९,५०० चे ८० टक्के म्हणजे साधारण १५,६०० महिन्याला. हप्ता जाऊन सात हजार हातात राहतात, आणि हे एकही जॉब न उचलता.

कंपनीवाले हे सांगत नाहीत, कधी त्यांनाच माहीत नसतं, कधी माणूस कमी झालेला बरा असतो. तुम्ही स्वतः ईएसआयच्या डॉक्टरांना भेटा, नेफ्रॉलॉजिस्टचे (किडनीच्या डॉक्टरांचे) सगळे कागद, डायलिसिसचं रजिस्टर, क्रिएटिनिनचे रिपोर्ट घेऊन जा आणि एक्स्टेंडेडसाठी सर्टिफिकेट पाहिजे असं स्पष्ट शब्दांत मागा. नंतर ते ब्रँच ऑफिसला जातं. आणि एक विचारायचंय, ९१ दिवस संपल्यावर तुम्ही डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेणं चालू ठेवलंत का? बरेच जण पैसे येत नाहीत म्हटल्यावर कागद घेणंच बंद करतात आणि मग मधल्या काळाची पंचाईत होते.

आता चाकणचं. ईएसआयची मर्यादा महिना २१,००० आहे. २४,००० वर नवीन जॉइन झालात की तुम्ही ईएसआयच्या बाहेर. जुन्या काँट्रिब्युशनवर काही महिने उपचार चालतील, पुढे बंद. मग आठवड्याला तीन डायलिसिस, बाहेर एका वेळचे दीड-दोन हजार धरा, महिन्याला तेरा वेळा. ४,५०० जास्त मिळवायला जाऊन वीस हजाराचा खड्डा पडेल. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस होतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, तो आधार आहे, पण त्यातल्या हॉस्पिटलमध्ये तुम्हाला हवी ती शिफ्ट मिळेल का हे आधी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचा हॉस्पिटलमधला मदतनीस) विचारून घ्यायचं, सोडल्यानंतर नाही. घरात रेशनकार्ड कोणतं आहे आणि सगळ्यांची आधारची नावं जुळतात का तेही बघून ठेवा.

मनोज_एस

भाऊ जीव महत्त्वाचा, पैसे काय कधीही कमवता येतात. सहा महिने निवांत आराम करा, देवावर विश्वास ठेवा.

सुनंदा_इचलकरंजी

मनोजभाऊ, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंय पण ज्याच्या घरी हप्ता थांबलाय त्याला निवांत आराम होत नाही ओ. आमच्या ह्यांचं तेच झालं. हे यंत्रमागावर होते, डायलिसिस सुरू झाल्यावर मी म्हटलं बसा घरी, मी करते. मी शिवणकाम करायची, रात्री बारापर्यंत मशीन चालायची, आणि हे भिंतीकडे तोंड करून झोपायचे. जेवण कमी, बोलणं बंद, पोरांवर चिडचिड. मला वाटायचं आजारामुळे, पण डॉक्टरीणबाईंनी वेगळं बसवून विचारलं तेव्हा हे रडले. म्हणाले माझा कुणाला उपयोग नाही. मग ओळखीच्या एकांच्या सुताच्या दुकानात हिशोब लिहायला जायला लागले, डायलिसिस नसलेल्या दिवशी फक्त, चार तास. पैसे फार नाही मिळायचे पण माणूस परत जेवायला लागला.

दादा, वहिनी नको म्हणतात ते तुमच्या जिवाच्या भीतीने म्हणतात, तुम्ही त्यांना न सांगता काही ठरवू नका एवढंच. आणि घरबसल्या पण हातभार लागतो, ऑर्डरींचे फोन, पैशांचा हिशोब, महिन्याचं बिल, हे सगळं तुम्ही घ्या. आमच्याकडे निम्मे पैसे लोक विसरायचे, ह्यांनी वही धरल्यावर वसूल व्हायला लागले. मुलीच्या क्लासच्या सरांना तुम्ही स्वतः जाऊन भेटा, खरं सांगा, सर लोक हप्ते करून देतात, पोरीला वर्गात मान खाली घालायला लावू नका.

सुई_टोचणारा

मी डायलिसिस टेक्निशियन. १५-१८ किलोचे जॉब आणि डावा फिस्टुला, हे वाचून लिहितोय. त्या हाताने उचलायचं नाही म्हणजे नाही. फिस्टुलावर जोर, दाब, मार काहीच चालत नाही, त्या हाताला घड्याळ नको, घट्ट बाही नको, त्या हातावर बीपी किंवा रक्त घेऊ द्यायचं नाही. रोज सकाळी बोटं ठेवून थरथर लागते का बघायची, नाही लागली तर त्याच तासाला सेंटरला फोन, दुसऱ्या दिवशी नाही. फिस्टुला बंद पडला तर मानेत कॅथेटर, परत ऑपरेशन, परत दीड-दोन महिने वाट. त्यात शॉपमध्ये कूलंट (मशीन थंड ठेवायचं पाणी-तेल) उडतं, सुईच्या जागा ओल्या आणि घाण झाल्या तर इन्फेक्शन. तुम्ही डॉक्टरांना नुसतं काम करू का असं विचारलंत म्हणून ते हलकं म्हणाले. त्यांना सांगा मी काय उचलतो, किती तास उभा असतो, शॉपमध्ये किती गरम होतं आणि किती तहान लागते, आणि मग डाव्या हाताने वजन उचलू नये, रात्रपाळी नको, असं लेटरहेडवर लिहून घ्या. ते पत्र कंपनीला द्या, तोंडी बोलण्याला किंमत नसते.

सीएपीडीबद्दल पण विचारा, पोटातून घरीच करायचं डायलिसिस. दिवसातून तीन-चार वेळा पिशवी बदलायची, पण आठवड्यातले तीन दिवस सेंटरला जावं लागत नाही. सगळ्यांना नाही जमत, स्वच्छता फार कडक लागते, नाहीतर पोटात इन्फेक्शन. नोकरी करणाऱ्यांमध्ये काही जणांना चांगलं जमलंय. आणि ट्रान्सप्लांटचं काय? घरात कुणी देणारं नसेल तर पुण्याच्या झेडटीसीसीच्या (मृत दात्यांचे अवयव वाटप करणारं केंद्र) यादीत हॉस्पिटलमार्फत नाव घातलंय का? लवकर घाला, नंबर यायला वेळ लागतो.

भोसरीचा_ऑपरेटर

सगळ्यांचे आभार, काय बोलू कळत नाही. ते एक्स्टेंडेडचं मला आजपर्यंत कुणीही सांगितलं नव्हतं. ताई, मी २०१६ पासून कायम आहे, काँट्रिब्युशन सगळं भरलेलं आहे, पासबुकसारखं ऑनलाइन बघितलं आत्ता. सर्टिफिकेट मात्र ९१ दिवसांनंतर घेतलेली नाहीत, पैसे येणार नाहीत तर कशाला म्हणून. डायलिसिसच्या सगळ्या नोंदी आहेत, एकही चुकवलेलं नाही. एचबी ८.४ आहे, सोमवारी ईएसआयला जाणारच आहे तर इंजेक्शनचं पण विचारतो. बायकोला सगळं वाचून दाखवलं. ट्रान्सप्लांटसाठी तिची तपासणी झाली होती, ब्लड ग्रुप जुळला नाही, यादीचं कुणी बोललं नव्हतं.

एवढंच विचारतो, एचआरवाले रोज फोन करतायत सहीला ये म्हणून, त्यांना काय सांगू? आणि चाकणवाल्यांना नाही म्हणू का, मित्राने शब्द टाकलाय.

पगारपत्रक

एचआरला फोनवर काही सांगू नका. ईमेल करा किंवा अर्ज देऊन पोच घ्या, मजकूर साधा: मी डायलिसिसवर आहे, ईएसआयच्या वैद्यकीय रजेसाठी अर्ज करत आहे, राजीनामा देत नाही, बरा झाल्यावर डॉक्टरांच्या पत्राप्रमाणे हलक्या कामावर यायची तयारी आहे. कंपनीत इन्स्पेक्शन किंवा स्टोअरचं काम असतंच, ते त्याच पत्रात मागून ठेवा, आज नाही तरी पुढे उपयोगी पडेल. मधल्या काळाची सर्टिफिकेट नाहीत, तर डायलिसिसच्या तारखांचा दाखला सेंटरकडून सही शिक्क्यासकट घ्या आणि तो डॉक्टरांपुढे ठेवा, मागचं किती मान्य होईल ते ते ठरवतील, पण सोमवारपासूनचं तरी वाया जाऊ देऊ नका.

चाकणवाल्यांना खरं सांगा. तीन दिवस चारला सोडणार का आणि पगार २१,००० च्या आत ठेवून ईएसआय लावणार का, एवढं विचारा. हो म्हणाले तर इथे परत लिहा, तेव्हा हिशोब मांडू. पण एक लक्षात घ्या, एक्स्टेंडेडचे पैसे कामावर न गेलेल्या काळाचेच मिळतात, दोन्ही एकदम घेता येत नाही. नाही म्हणाले तर मित्राला वाईट वाटणार नाही, त्याला तुमचं दुखणं माहीत आहे. सोमवारी जाताना आधार कार्ड, ईएसआयचा पेहचान कार्ड आणि बँक पासबुकाच्या दोन-दोन झेरॉक्स न्या, तिथे झेरॉक्सला फार लांब जावं लागतं.