भावाला बेंगळूरकडं हलवलंय, आईसाठी व्हिडिओ मुलाखत कशी लावायची?

खानापूरची_आक्का
नमस्कार सगळ्यांना. आम्ही खानापूर तालुक्यातले, माझा धाकटा भाऊ अंडरट्रायल म्हणून, म्हणजे केस अजून चालू असताना, आत आहे. आधी बेळगावच्या हिंडलगा जेलात होता तेव्हा आई सकाळच्या बसनं जाऊन मुलाखत करून संध्याकाळी घरात यायची, आता त्याला बेंगळूरकडच्या एका जेलात हलवलंय, म्हणजे पाचशे किलोमीटर, रात्रभर बसमध्ये बसायचं आणि आईचे गुडघे पार गेलेत, तिला नेणं शक्यच नाही. कुणीतरी सांगितलं की ई-मुलाकात म्हणून आहे, घरातनं व्हिडिओवर बोलता येतं. मी मोबाईलवर फॉर्म भरला, नंबरचा मेसेज पण आला, पण पुढं काहीच नाही, आणि परत भरला तर रिजेक्ट दाखवतंय, कारण काय ते कळना झालंय. आईकडं साधा बटनाचा फोन, ईमेल नाही, मग अर्ज कुणाच्या नावानं करायचा? आणि तिला कन्नड येत नाही, ती मराठीत बोलली तर चालतं का? गणपतीच्या आधी तिला एकदा तरी त्याचं तोंड दिसूदे एवढंच बघूलालोय. कुणाच्या घरात असं झालं असेल तर सांगा की ओ.

निपाणीकर
आक्का, आमचा मेव्हणा कोल्हापूरला कळंबा जेलात होता, आम्ही निपाणीतनं हेच करत होतो. साईट सगळ्या देशाला एकच आहे, ई-प्रिझन्सची, केंद्र सरकारच्या एनआयसीनं केलेली. आपल्या बॉर्डरवरच्या लोकांचा घोळ राज्याच्या खान्यात होतो: खाली जे राज्य आणि जेल विचारतात ते कैदी जिथं आहे तिथलं, आम्ही राहतो कर्नाटकात पण मेव्हण्यासाठी महाराष्ट्र टाकायचो. तुमचं राज्य एकच आहे, पण भाऊ हिंडलग्यात असताना जे जेल निवडत होता तेच परत टाकलं नाही ना बघा.

दुसरं म्हणजे नाव, आणि बहुतेक वेळा अडतं ते इथंच. आपण घरात जे म्हणतो किंवा आधारवर जे आहे ते नाही, जेलच्या रेकॉर्डला जसं चढलंय तसंच पाहिजे. आमच्याकडं आडनाव शेवटी, तर पोलिसांच्या कागदात बापाचं नाव आधी, आडनावाचं स्पेलिंग वेगळं, वय पण दोन वर्षानं पुढंमागं. एफआयआर नाहीतर रिमांडचा कागद वकिलाकडनं मागून घ्या आणि त्यातलं नाव, बापाचं नाव, वय अक्षर न अक्षर उतरवा. मुलाखतीचा प्रकार विचारतात तिथं व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच निवडा, नाहीतर अर्ज प्रत्यक्ष भेटीचा होतो.

अर्ज आईच्या नावानंच करा, नातं आई, ओळखपत्र तिचं, फक्त मोबाईल आणि ईमेल तुमचा द्या कारण ओटीपी आणि लिंक त्यावरच येणार. तुम्ही पण शेजारी बसणार असाल तर तुमचं नाव पण त्यातच घाला.

शहापूर_गल्ली
निपाणीकरांनी सांगितलं ते बरोबर. त्यात एक भर, फॉर्म गेला म्हणजे मुलाखत ठरली असं नाही, जेलात साहेब मंजूर करतात तेव्हा लिंक येते. म्हणून जेलच्या ऑफिसला फोन करून रिक्वेस्ट नंबर सांगायचा, शांतपणे. कन्नड नीट बोलणारं कुणी शेजारी असेल तर त्याला बसवा, लई फरक पडतो.

त्या दिवशी काय करायचं ते पण सांगतो. लिंक मोबाईलवर क्रोममध्ये उघडा, कॅमेरा आणि माईकला परवानगी मागेल ती द्या, पिन आला असेल तो हाताशी लिहून ठेवा. वेळेच्या आधीच जोडून बसा, कारण तिकडं पोरं रांगेत असतात आणि आपल्यासाठी कुणी थांबत नाही. खानापूरच्या जंगलाकडच्या गावात नेटवर्क कसं असतं ते सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा आईला घेऊन खानापुरात नाहीतर बेळगावात कुणा पाव्हण्याच्या घरात या. आणि वेळ थोडाच असतो, तर पहिलं आईला बोलूदे, तुमचं मागनं. आमची आई पहिल्या वेळी नुसती रडत बसली, म्हणून पुढच्या वेळी आम्ही तिला आधीच सांगून ठेवलं, जेवतोस का, अंगावर कपडे आहेत का, औषध मिळतंय का हे विचार. ती मराठीतच बोलली, कुणी काही म्हटलं नाही. फक्त केसबद्दल, साक्षीदारांबद्दल एक शब्द बोलू नका, समोर स्टाफ उभा असतो, आणि रेकॉर्डिंग, स्क्रीनशॉट अजिबात नको.

कोर्टाकडचा_माणूस
मुलाखतीचं वर आलंच, मी दुसरं सांगतो, कारण नुसतं व्हिडिओवर बघून भाऊ घरी येणार नाही. खासगी वकील परवडत नसेल तर कोठडीत असलेल्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, 1987 च्या कायदा सेवा प्राधिकाराच्या कायद्यातच आहे. बेळगाव कोर्टात जिल्हा कायदा सेवा प्राधिकाराचं ऑफिस आहे, नाहीतर कायदेशीर मदतीच्या 15100 नंबरला फोन लावा.

आणि त्याच्यावर ही पहिलीच केस असेल तर वकिलाला नव्या बीएनएसएसचं, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं, कलम 479 विचारा. पूर्वी कुठं शिक्षा झालेली नाही आणि ज्या गुन्ह्यात आहे त्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढलाय, तर बाँडवर सोडायचं असं आहे, आणि तो काळ भरला की कोर्टाला अर्ज लिहायचं काम जेल सुपरिंटेंडंटचं. हा कायदा 1 जुलै 2024 ला लागू झाला, पण त्याच्या आधीच्या केसांना पण हे कलम लागू आहे, सुप्रीम कोर्टानं सांगितलंय. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते अशा गुन्ह्यात हे चालत नाही, आणि अंगावर जास्त केसा असतील तर पण अडचण. तारखा मोजून ठेवा, ते काम घरच्यांनीच करावं लागतं. आईच्या तब्येतीचे कागद जोडून परत हिंडलग्याला पाठवा म्हणून कोर्टात अर्ज पण करून बघा.

खानापूरची_आक्का
सगळ्यांचे उपकार आहेत. वकिलांकडनं एफआयआरची कॉपी आली, त्यात वडिलांचं नाव वेगळंच लिहिलंय आणि मी आधारवरचं टाकत होते. आता आईच्या नावानं नवीन अर्ज घातलाय, सोमवारी फोन करणार. एक विचारायचं राहिलं, बाजारपेठेतला कॉम्प्युटरवाला म्हणतोय पैसे दे, जेलात माझी ओळख आहे, लगेच मंजूर करून देतो.

निपाणीकर
एक रुपया देऊ नका आक्का. ई-मुलाकातला फी नाही. फॉर्म भरून प्रिंट काढायचे त्याचे काय ते द्या, आणि आईच्या आधारची झेरॉक्स त्याच्याकडं ठेवून येऊ नका. सोमवारी फोन लागला नाही तर इथं लिहा, माझा एक दोस्त बेंगळूरला आहे, तो जाऊन गेटवर विचारून येईल.