मज्जारज्जूची इजा आणि पायातील रक्ताची गुठळी

‘पाय दुखतच नाही, मग गुठळी कशी असेल?’ अशी शंका मज्जारज्जूच्या (पाठीच्या कण्यातील मुख्य नसेच्या) रुग्णाला येऊ शकते, त्याबाबत थोडे सांगतो. मज्जारज्जूला इजा झाल्यावर संवेदनाच गेलेली असल्यास वेदनेची वाट पाहून चालत नाही. म्हणून गुडघ्याखाली ठरावीक अंतरावर पेनाने खूण करून दोन्ही पोटऱ्यांचा घेर रोज टेपने मोजावा आणि एकच पाय सुजलेला किंवा गरम लागल्यास, अथवा बारीक ताप आल्यास, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून डॉप्लर सोनोग्राफीबद्दल (शिरांतील रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी) विचारावे. तोवर त्या पायाचे मालिश थांबवावे (आपल्याकडे तेल चोळण्याची घाई फार!), कारण सुटलेली गुठळी फुप्फुसात अडकू शकते, अचानक धाप लागली तर थेट रुग्णालय गाठावे.

गुठळीचा धोका इजेनंतरच्या पहिल्या 3 महिन्यांत सर्वाधिक असतो. म्हणूनच रक्तस्रावाची भीती नसल्यास एनॉक्सापॅरिनसारखी रक्ताची गुठळी होऊ न देणारी इंजेक्शने इजेनंतर साधारणतः 72 तासांच्या आत सुरू करून किमान 8 आठवडे देण्याची शिफारस आहे. घरी आल्यावर ती परस्पर बंद करणे मला सर्वांत घातक वाटते. नुसत्या दाबमोज्यांवर (पायावर दाब देणाऱ्या घट्ट मोज्यांवर) विसंबू नये. शिवाय त्यांच्या वळ्या पडून बधिर त्वचेला जखम झाली, तरी रुग्णाला ती कळत नाही.