२४ फुटी शिडाच्या बोटीवर उन्हाचा आडोसा कसा करावा?

खाडीवारा:
बोट २४ फुटी स्लूप (एका डोलकाठीची), टिलरवाली (सुकाणूच्या दांड्याची). बूम (शिडाच्या तळाची आडवी काठी) कॉकपिटच्या (मागच्या बसायच्या खोलगट जागेच्या) बाकापासून १२५ सेंमी वर, मेनशीट (बूम ओढायचा दोर) मागे ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या फळीवर). नेहमीची फेरी गेटवे ते मांडवा: सकाळी आठला निघायचं, तीनच्या सुमारास परत फिरायचं. होळीनंतर कॉकपिटमध्ये बसवत नाही. १८० सेंमी लांब, १७० सेंमी रुंद अशी ॲल्युमिनियमच्या पाइपची तयार बिमिनी (कमानींवरचं घडीचं छत) मिळते आहे. ती लावली तर बूम मोकळा फिरेल का? आणि परतीच्या वाऱ्यात ती उघडी ठेवता येईल का?

डोलकाठी:
बूम फिरेल. पण आधी सावली कुठे पडते ते बघा, या फेरीत खरी गोम तिथेच आहे.

मांडवा गेटवेच्या दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे. सकाळी जाताना पूर्व तुमच्या डाव्या हाताला, दुपारी येताना पश्चिम डाव्या हाताला. म्हणजे जाता-येता ऊन पोर्टलाच (डाव्या बाजूला). त्यात दुपारचा वारा वायव्येचा, म्हणजे परतीचा बराचसा वेळ पोर्ट टॅकवर (वारा डावीकडून घेत), उत्तरेकडे तोंड करून. शीड स्टारबोर्डला (उजवीकडे), माणसं पोर्टच्या बाकावर. शिडाची सावली पाण्यावर आणि ऊन तुमच्या मानेवर.

मार्चअखेर मुंबईत दुपारी चारला सूर्य क्षितिजापासून साधारण ३९ अंश वर असतो. छत बाकापासून १०५ सेंमीवर धरलं तर सावली सव्वा मीटर पूर्वेला सरकते. छताचा निम्मा भाग मध्यरेषेपासून ८५ सेंमी, तेव्हा पोर्टचा बाक पूर्ण उन्हात. हे बोट सरळ असताना. ती १५ अंश कलली की कलते उन्हाच्या उलट्या बाजूला, त्यामुळे बोटीच्या हिशेबाने सूर्य २४ अंशांवर उतरतो आणि सावली सव्वादोन मीटरहून जास्त सरकते. म्हणजे थेट बोटीबाहेर! मे महिन्याच्या मध्यावर साडेबाराला सूर्य अगदी डोक्यावर असतो तेव्हा हेच छत चोख काम करतं, पण तेव्हा तुम्ही मांडव्याला जेवत असता.

म्हणून छतापेक्षा पोर्टची बाजू झाका. शेतीचं ७५ टक्क्यांचं शेडनेट घ्या, काळं किंवा गडद हिरवं. गडद जाळीतून आतून बाहेरचं दिसतं, पांढरी जाळी उन्हात चमकते आणि पलीकडचं काही दिसत नाही. पोर्ट टॅकवर स्टारबोर्ड टॅकवाल्याला वाट द्यायची ती तुम्हीच, शिवाय लाँच आणि मासेमारीची जाळी आहेतच. नजर मोकळी हवी. पट्टी १८० बाय ७५ सेंमी, छताच्या काठापासून खाली टो-रेलपर्यंत (डेकच्या काठावरच्या पट्टीपर्यंत). एवढ्याच सलग कापडावर १५ नॉट (ताशी सुमारे २८ किमी) वाऱ्याला सुमारे ६ किलोचा दाब येतो, २५ नॉटला १६ किलोच्या आसपास. जाळीवर तो बराच कमी.

बूमचं माप नुसतं उभ्या बोटीवर घेऊ नका. मेनशीट करकचून ओढा, मग दुसरा रीफ घ्या (शीड दुसऱ्या टप्प्यापर्यंत आवळून लहान करा), आणि दोन्हींत बूमचं टोक सर्वांत खाली कुठे येतं ते मोजा. तिथून छतापर्यंत १० सेंमी तरी मोकळे हवेत. पाठवाऱ्यावर बूम बाहेर गेला की मेनशीट छताच्या मागच्या कोपऱ्यावर घासते, म्हणून मागची कमान शीटपासून किमान २० सेंमी पुढे ठेवा.

वारा १२ नॉटच्या वर गेला आणि वजनासाठी बाकावरून उठून कोमिंगवर (कॉकपिटच्या उंच कडेवर) बसायची वेळ आली की छत आणि जाळी दोन्ही गुंडाळा. कोमिंगवर बसलेल्याचं डोकं छताच्या वर जातं, मग छत नुसता वारा धरतं. तिथून पुढे भिस्त कपड्यांवर.

टाकादोरा:
तयार बिमिनीत कापड शेवटी फाटतं, आधी उसवते शिवण. साधा सुती दोरा कुजतो, नायलॉनचा उन्हाने ठिसूळ होतो. जाड पॉलिएस्टरचा, ऊन सोसणारा दोरा मागा. पट्टेही पॉलिएस्टरचेच, नायलॉनचा पट्टा ओला झाला की सैल पडतो आणि कमान डुलायला लागते. रबरी बंजी मात्र एका मोसमाचे सोबती.

ॲल्युमिनियमचा पाइप आणि स्टेनलेसचे स्क्रू खाऱ्या हवेत एकमेकांना लागले की सांध्यावर पांढरी भुकटी धरते, आणि दोन वर्षांनी स्क्रू फिरत नाही. मध्ये नायलॉनचा वॉशर आणि ग्रीस हवंच. नवीन करून घेणार असाल तर ३१६ स्टेनलेस, २५ मिमी पाइप. ३०४ स्वस्त पडतं, पण समुद्रावर त्याला चहाच्या रंगाचे डाग लवकर पडतात.

कापड रंगीत धाग्याचं ॲक्रिलिक कॅनव्हास, वरून फिकट. खालची बाजू गडद ठेवा, नाहीतर पाण्याची चमक छतावर आपटून तोंडावर येते. आयलेट (दोरी ओवायचं धातूचं कडं) एकपदरी कापडात ठोकलं की पहिल्या झुळकीत निघतं. खाली पट्टा घालून तीन पदरी करा. झिप प्लॅस्टिकच्या जाड दातांची, वर झडप. रिक्षाचे हूड शिवणारे कारागीर हे काम झकास करतात, फक्त दोरा आणि झिप आपण न्यायची. आणि दर फेरीनंतर गोडं पाणी मारा, मिठाचे कण शिवण कुरतडतात.

मानपट्टी:
वर बाकावरच्या माणसाचं तोंड स्टारबोर्डला आणि ऊन पाठीमागून, हे आलंच आहे. म्हणजे पुढे झडप असलेली क्रिकेटची टोपी इथे कुचकामी. मान आणि कान झाकणारा पदर असलेली टोपी घ्या, हनुवटीखाली दोरी आणि कॉलरला क्लिप. शर्ट पूर्ण बाह्यांचा, कॉलरवाला, यूपीएफ ५० (कापड ऊन किती अडवतं त्याचा आकडा). गुडघ्यामागची पोटरी आणि पावलांची वरची बाजू लोक हमखास विसरतात.

पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाला उगाच फार दोष देतात. पाणी अतिनील किरणांपैकी १० टक्क्यांहून कमी परत फेकतं. सावलीत बसूनही माणूस भाजतो तो उघड्या आभाळामुळे, कारण हे किरण हवेतच विखुरतात आणि चारी बाजूंनी येतात. छोट्या छताखालून आभाळ भरपूर दिसतं. म्हणून छत असलं तरी एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन निघण्याआधी २० मिनिटं, मग दर दोन तासांनी. तोंड आणि मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं, लोक त्याच्या निम्मंही लावत नाहीत. कपाळाला कांडीचं लावा, पातळ क्रीम घामाबरोबर डोळ्यांत उतरतं. लावून झाल्यावर तळवे पुसा, नाहीतर शीट हातातून सटकते.

खाडीवारा:
हिशेब पटला. जाळी आधी, छत नंतर. मांडव्याला नांगरावर असताना बूमवर साधी ताडपत्री टाकली तर चालेल?

डोलकाठी:
चालेल, पण बूमचं वजन टॉपिंग लिफ्टवर (बूमचं टोक वरून धरणाऱ्या दोरावर) घ्या आणि बूम मेनशीट व एका दोरीने दोन्हीकडून ताणून बांधा, नाहीतर लाँचच्या लाटेने तो हलत राहतो. तीन बाय अडीच मीटर पुरे. पुढे-मागे एकेक आडवी काठी घाला, पीव्हीसी पाइप चालतो. कडा लाइफलाइनला (काठाच्या कठड्याच्या तारेला) बांधू नका, टो-रेलला बांधा. नांगरावर नाक वायव्येकडे राहतं, तेव्हा दुपारी ऊन पुन्हा पोर्टलाच; ती बाजू खाली ओढा आणि स्टारबोर्डची वर सोडा, हवा खेळती राहील. गाठ सुरगाठ, निरगाठ नको. नांगर सरकला तर ताडपत्री एका झटक्यात सुटली पाहिजे.